दोनमाई

फोनची जागा भरली की रविवारी दुपारी मी साफसफाईला बसतो. सुप्रभातची फुलं, लग्नाच्या पत्रिका, कुणाच्या तरी नातवाचा गॅदरिंगमधला नाच, सगळं बोटाच्या एका फटक्यात जातं. गेल्या महिन्यात असाच बसलो होतो तेव्हा एकोणीस सेकंदांचा एक व्हिडिओ हाताला लागला. काळंभोर मैदान, त्यापलीकडे हिरवळ, आणि हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतला एक मुलगा मान वर करून मागं मागं सरकतोय. चेंडू कुठं दिसत नाही, मुलगाच दिसतो. तो मोज्याचा हात वर करतो. आला हातात, असं वाटतं, आणि पुढच्या क्षणी मुलगा खाली वाकून गवतात काहीतरी शोधताना दिसतो. तिथून व्हिडिओ गदगदा हलायला लागतो, कारण तो काढणारा माणूस उभा राहून ओरडतोय. "सुटला! सुटला रे सुटला!" आणि मग हसणं. चांगलं पोटातून आलेलं, खळखळतं हसणं.

आवाज माझा आहे.

तीनदा लावून पाहिला. तिसऱ्या वेळी स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "कोण एवढं हसतंय?" म्हटलं, "मीच." पुसून टाकायचं चिन्ह समोरच होतं, पण त्यावर बोट गेलं नाही. त्या दिवसाची साफसफाई तिथंच थांबली आणि तेव्हापासून तो व्हिडिओ फोनमध्ये आहे तसाच डोक्यातही आहे.

आमची मुलगी काही वर्षं ओसाकाजवळ नोकरीला होती. आम्ही तिच्याकडे ऑगस्टात गेलो, आणि ऑगस्टात जपानला शहाणी माणसं जात नाहीत हे तिथं पोचल्यावर समजलं. ऊन नागपूरचं आणि घाम मुंबईचा, दोन्ही एकदम. बायकोनं दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की दिवस मावळल्याशिवाय ती घराबाहेर पाऊल टाकणार नाही. मग मुलगी मला म्हणाली, "बाबा, शाळेतल्या पोरांची बेसबॉलची मॅच बघायला येणार का? कोशिएनला?" शाळेची मॅच म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं आपलं नेहमीचं उभं राहिलं: चुन्याच्या रेघा, कडेला एक मांडव, मांडवात पाहुण्यांसाठी चार गादीच्या खुर्च्या आणि पी. टी.च्या सरांची शिट्टी. म्हटलं, चला, तेवढाच वेळ जाईल.

ओसाका-उमेदाहून हान्शिनच्या गाडीनं पाव तास. गाडीतच संशय यायला लागला. डब्यात म्हाताऱ्या बायका होत्या, गळ्यात टॉवेल टाकलेले कामगार दिसणारे पुरुष होते, शाळेच्या गणवेशातली पोरं होती, आणि सगळे एकाच स्टेशनवर उतरले. समोर वेलींनी मढवलेली एक प्रचंड गोल भिंत. आत सुमारे ४७ हजार माणसं मावतात असं मुलीनं सांगितलं. हे हान्शिन टायगर्स या व्यावसायिक संघाचं घरचं मैदान, पण ऑगस्टात शाळकरी पोरांना ते मोकळं करून देतात आणि टायगर्स दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत हिंडतात. ऐन हंगामात. आपल्याकडे कुणीतरी वानखेडे रिकामं करून दहावी-बारावीतल्या पोरांच्या हवाली केलंय अशी कल्पना करून बघा. मला काही ती करता आली नाही. मुंबईच्या शाळांच्या क्रिकेटमधून, हॅरिस शील्डमधून, कोण कोण निघालं हे आपल्याला तोंडपाठ असतं, पण ती मॅच बघायला आझाद मैदानाच्या कडेला पोरांचे आईबाप आणि ऑफिसातून जेवायला बाहेर पडलेले चार लोक सोडून कोण असतं?

स्पर्धा १९१५ पासूनची, मैदान १ ऑगस्ट १९२४ चं. नावाची गोष्ट मला फार आवडली. त्यांच्याकडेही आपल्यासारखंच साठ वर्षांचं चक्र आहे. आपलं प्रभव, विभव असं सुरू होतं; त्यांच्या चक्रातलं पहिलं साल ते कोशि, आणि मैदान बांधलं ते नेमकं त्या साली. पंचांग बघून मैदानाचं नाव ठेवणारी माणसं अगदीच परकी कशी म्हणायची? उन्हाळ्याच्या स्पर्धेला देशभरातून ४९ शाळा येतात. ४७ प्रांतांतून एकेक, त्यात टोकियो आणि होक्काइदोला एक-एक जास्त. साखळी सामने वगैरे लाड नाहीत. हरलात की त्याच दिवशी संपलं. आणि तिसऱ्या वर्षाच्या पोरांचं तर कायमचंच, कारण पुढच्या उन्हाळ्यात ती शाळेत नसतात.

आमची जागा पहिल्या बेसच्या, म्हणजे पळणाऱ्यानं गाठायच्या पहिल्या टप्प्याच्या, बाजूला होती. बोगद्यासारख्या अंधाऱ्या वाटेनं जायचं, तिथं तळणीचा आणि कढीपेक्षा दाट, गोडसर अशा जपानी करीचा वास कोंडलेला, आणि चार पायऱ्या चढलं की एकदम डोळ्यांवर ऊन आपटतं. खाली जमीन काळी. बेसबॉलची मैदानं टीव्हीवर बघितली होती, त्यात मधल्या चौकोनातही हिरवळ असते. इथं चौकोन सगळा मातीचा, काळी माती आणि वाळू एकत्र करून केलेला, आणि त्यावरून झाडलोट करणारी माणसं लांबच्या लांब पाइप खांद्यावर घेऊन पाणी मारत होती. पाण्याचा फवारा इतका बारीक की त्यात इंद्रधनुष्य पडलं होतं. दोन्ही अंगांना उंच चढत गेलेल्या बैठकींना आल्प्स म्हणतात. तिथं त्या त्या शाळेची पोरं, माजी विद्यार्थी, गावकरी आणि अख्खा बँड. पितळी वाद्यांचा आवाज छातीत बसत होता. एक पोरगी एवढासा चेहरा लाल करून तुतारीएवढं वाद्य फुंकत होती आणि मागून दुसरी तिच्या मानेवर ओला रुमाल ठेवत होती.

मुलीनं दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. आत फोडलेला बर्फ, वर नळी खुपसलेली. याला काचिवारी म्हणतात. आधी मानेवर ठेवायचा, मग वितळेल तसा प्यायचा. सरबत नाही, रंग नाही, नुसता बर्फ. पैसे देऊन नुसता बर्फ विकत घेतलेला मी जन्मात पहिल्यांदाच पाहिला, आणि तासाभरानं दुसरी पिशवी आणायला स्वतःच उठलो.

माझ्या डाव्या हाताला एक म्हाताऱ्या बाई एकट्याच बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या असाव्यात. कापडी टोपी, कोपरापर्यंत पांढरे मोजे, मांडीवर आखलेली वही आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली. प्रत्येक चेंडूनंतर वहीतल्या छोट्या चौकोनात काहीतरी खूण करत होत्या. आपल्याकडे देवळात नामजपाच्या वह्या भरणाऱ्या बायका असतात, तोच भाव. मी त्यांच्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी पिशवीतून एक गोळी काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. खारट गोळी. उन्हात मीठ कमी पडू नये म्हणून. मी दोन्ही हातांनी घेतली आणि आभार कसे मानायचे ते न सुचून नमस्कार केला. त्यांनीही वाकून केला. आमचं संभाषण झालं ते एवढंच.

तो दिवस १५ ऑगस्ट होता. मी हे मुद्दाम आधी सांगितलं नाही, कारण मलाही ते तिथं अचानकच आठवलं. बारा वाजता खेळ मध्येच थांबला. पोरांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या, बँड गप्प झाला, सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि भोंगा वाजायला लागला. कोशिएनवर दर मॅचच्या सुरुवातीला आणि शेवटी भोंगा वाजतोच, पण हा वेगळा. युद्धात गेलेल्यांसाठी एक मिनिट. मुलगी माझ्या कानात कुजबुजली की १९४२ ते १९४५ ही स्पर्धाच झाली नाही, आणि आमच्या डोक्यावर छप्पर होतं त्या जागी पूर्वी लोखंडी छप्पर होतं, ते १९४३ मध्ये युद्धासाठी उतरवून नेलं. बाजूच्या बाई डोळे मिटून उभ्या होत्या. पेन्सिल हातातच होती. मी मनात हिशेब केला, आपल्याकडे आत्ता सकाळचे साडेआठ. कोल्हापुरात झेंडावंदन आटपून पोरं रांगेनं घरी निघाली असतील आणि चौकाचौकांत रस्त्यावर आलेल्या कढयांतून जिलेबी निघत असेल. एकच तारीख. एकाच्या घरी जिलेबी, दुसऱ्याच्या घरी भोंगा. मान खाली घालून उभा होतो, पण तोंडाला पाणी सुटलं होतं हेही खरं.

आता तो चेंडू.

शाळांची नावं लिहीत नाही आणि सालही लिहीत नाही. ती पोरं आता मोठी झाली असतील, कुठं नोकरीला लागली असतील, आणि एखाद्याच्या मुलाबाळांना भाषांतर करून हे वाचता यावं अशी माझी अजिबात इच्छा नाही. एक संघ समुद्राकडच्या कुठल्या लहान गावचा, दुसरा मोठ्या शहरातला. मला दोघांचंही काही देणंघेणं नव्हतं. खरं सांगायचं तर तोच त्या दुपारचा आनंद होता. भारताची मॅच बघताना मला घास गिळत नाही. इथं मात्र कुणीही जिंको, मी सुखी. मुलीला विचारून विचारून नियम जमेल तेवढे समजून घेतले होते आणि आठव्या डावापर्यंत मी जाणकारासारखा माना डोलवायला लागलो होतो.

आठवा डाव. गावची पोरं तीनास दोननं पुढं. शहरवाल्यांचे दोन गडी बाद, तिसरा गेला की डाव संपला, आणि दोन पोरं बेसवर उभी. फटका उंच गेला, उजवीकडच्या कोपऱ्यात, सरळ त्या मुलाच्या डोक्यावर. मुलगी म्हणाली, "झालं, आउट." मी फोन वर धरला होता, कारण आदल्या एका उंच फटक्याचा झेल फार सुरेख घेतला होता आणि तो मला टिपता आला नव्हता. आणि हा सुटला. दोन गडी बाद असले की बेसवरची पोरं फटका बसताच पळत सुटतात. ती दोन्ही घरी, म्हणजे बॅट धरतात त्या जागी, पोचली. चारास तीन. मी कधी उभा राहिलो मला आठवत नाही. आख्खी दुपार ज्याची वाट बघत होतो ते नाट्य एकदाचं घडलं होतं, त्याचीच ती आरोळी. आजूबाजूचेही ओरडत होते. मला ऐकू आलं, "दोनमाई! दोनमाई!" मी हसत मुलीला म्हटलं, "अगं, हे तर मराठीत मोजतायत! दोन!" दोनच धावा झाल्या होत्या ना.

मुलीनं माझा दंड धरून मला खाली बसवलं. "बाबा, हळू. ते त्याला सांगतायत. डोन्ट माइंड. दोनमाई. असू दे, मनाला लावून घेऊ नको."

दोन शब्दांच्या इंग्रजी वाक्याची यांनी चोळून चोळून एक आरोळी केलेली आणि ती कुणाचाही झेल सुटला की तोंडून आपोआप निघते. मागच्या रांगेतला बनियनवरचा माणूस, समोरचं जोडपं, दूर आल्प्समधली पोरं, सगळे त्या कोपऱ्यातल्या एवढ्याशा पांढऱ्या ठिपक्याला ओरडून सांगत होते. ते तिथवर ऐकू जाणं शक्य नव्हतं. बाजूच्या बाई काही ओरडल्या नाहीत. त्यांनी वहीतल्या चौकोनात एक बारीक खूण केली, पेन्सिल खाली ठेवली, आणि माझ्याकडे वळून हाताचा पंजा उजवीकडून डावीकडे सावकाश सरकवला. "हामाकाझे," म्हणाल्या. पुन्हा एकदा तसाच हात. मुलगी म्हणाली, "समुद्रावरचा वारा. इथं उजवीकडून डावीकडे वाहतो. त्यामुळं चेंडू सरकला, त्याची चूक नाही, असं सांगतायत तुम्हाला."

मला. मॅचमधल्या सव्वीस-सत्तावीस पोरांपैकी एकाचंही नाव ठाऊक नसलेल्या मला त्यांना हे पटवून द्यायचं होतं. मी जोरजोरात मान हलवली.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात गावची पोरं बॅटिंगला आली. तीन गडी गेले, मॅच संपली. तो मुलगा पुढच्या पाळीसाठी बॅट घेऊन कडेला गुडघ्यावर बसला होता. अजून एक जण टिकला असता तर त्याची पाळी आली असती. भोंगा झाला. दोन्ही संघ समोरासमोर उभे राहून कमरेत वाकले. जिंकलेल्या शाळेचं गीत वाजलं, तेवढा वेळ हरलेलीही पोरं उभी. मग ती धावत आपल्या गावकऱ्यांच्या आल्प्ससमोर गेली, रांगेत वाकली, आणि त्यांतली दोन-तीन वाकली ती वर आलीच नाहीत. तसंच धरून त्यांना परत आणावं लागलं. आणि मग ते सुरू झालं, जे बघायला म्हणून अर्धा जपान टीव्हीपुढं बसलेला असतो. गुडघे टेकून पोरं त्या काळ्या मातीत हात घालायला लागली. ओंजळीनं माती उचलायची आणि बुटांच्या कापडी पिशवीत भरायची. घरी न्यायला. समोर हातभर अंतरावर फोटोग्राफर पालथे पडलेले, कॅमेरे पोरांच्या नाकासमोर. हे मला त्या वेळीही खटकलं, पण माझा स्वतःचा फोन चालूच होता.

माझा मुलगा, म्हणजे तो उजव्या कोपऱ्यातला, माती भरत नव्हता. तो दुसऱ्याच्या पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून बसला होता. एकाची झाली की दुसऱ्याची. मुलगी म्हणाली, कदाचित दुसऱ्या वर्षाचा असेल, ती पोरं काही वेळा माती नेत नाहीत, पुढच्या वर्षी परत येणार म्हणून. असेल. किंवा नसेलही.

परतीच्या गाडीत तिनं मला ओकिनावाची गोष्ट सांगितली. १९५८ मध्ये ओकिनावातली शुरी नावाची शाळा पहिल्यांदा इथं आली. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात. पोरं पहिलीच मॅच हरली, सगळ्यांसारखी माती भरून घेतली आणि बोटीनं घरी निघाली. नाहाच्या बंदरात अधिकाऱ्यांनी अडवलं. बाहेरच्या देशाची माती रोगराईच्या कायद्यानं आत आणता येत नाही. जपानी पोरांना जपानची माती परदेशी ठरली आणि ती समुद्रात ओतून टाकली. हे ऐकून विमान कंपनीतल्या हवाई सुंदरींनी कोशिएनचे खडे गोळा करून त्या शाळेला पाठवले, खड्यांना तो कायदा लागत नव्हता. ते खडे आजही त्या शाळेच्या आवारात स्मारकात बसवलेले आहेत. गोष्ट ऐकताना मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि मला दिसत होती ती मात्र तांबडी माती.

कारण मी वाढलो कोल्हापूरजवळ, आणि आमच्या घरात पैलवान होता. आमचे तात्या, वडिलांचे धाकटे भाऊ. तालमीत राहायचे, सुट्टीला गावी आले की त्यांच्या अंगाला एक वास यायचा. तालमीतली माती चाळून घेतात, तिच्यात काव, हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर असं काय काय मुरवतात, त्याचा. ज्यानं तो वास घेतला आहे त्याला वेगळं सांगायला नको, आणि नाही घेतला त्याला सांगून कळणार नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असताना वडील मला खासबागेत तात्यांची कुस्ती बघायला घेऊन गेले. मोठी जोड नव्हती, मोठ्या कुस्तीच्या आधी वेळ काढायच्या ज्या असतात त्यांतली. वडिलांना आत वस्तादांजवळ जागा मिळाली, मला त्यांनी वरच्या पायरीवर एका ओळखीच्या माणसाशेजारी बसवलं. तो ओळखीचा उठून गेला आणि त्याच्या जागी एक अनोळखी माणूस येऊन बसला. मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचा पुडा. फोडून फोडून टरफलं तो पुढच्याच्या अंगावर पडतील अशी टाकत होता.

हलगी वाजत होती. तात्यांनी वाकून मातीला हात लावला, ती कपाळाला लावली, चिमूटभर समोरच्याच्या खांद्यावर टाकली. मी श्वास धरून बसलो. फार वेळ नाही झाला. तात्या पट काढायला वाकले, समोरच्यानं वरून धरलं, उठवलं आणि ढाक मारली. तात्या हवेत असताना मला त्यांचे दोन्ही तळपाय दिसले. मग धप्प. आणि माझ्या शेजारचा माणूस ताडकन उठला. "गेला! गेला रे गेला! अस्मान दाखवलं!" पोट धरून हसत होता. आनंदाच्या भरात त्यानं माझ्या पाठीत थाप मारली, "बघितलंस का पोरा, कसा उडाला!" आणि मूठभर शेंगदाणे माझ्या हातात कोंबले.

ते मी खाल्ले.

हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही. वडिलांना नाही, तात्यांना नाही. त्या माणसाचा मी किती वर्षं राग राग केला. त्याची काळी पडलेली नखं, गळ्यातला ताईत, वरच्या ओठाला चिकटलेलं शेंगेचं लाल साल, सगळं मला अजून दिसतं. तात्या खाली पडलेले मात्र तेवढं स्पष्ट आठवत नाहीत. उठून ते पाठमोरे निघाले तेव्हा पाठभर माती होती, एवढं आठवतं. आपल्याकडे हरणं हे पाठीवर मोजतात. पाठीला माती लागली की संपलं, मग तुम्ही आधी काय काय केलंत ते कुणी विचारत नाही. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, जपानीतही अगदी हेच म्हणतात, 'त्सुची गा त्सुकु', माती लागली म्हणजे सुमोचा पैलवान हरला. शब्द दोन्हीकडे तेच. फक्त आपण ती माती झटकून, अंग धुऊन घरी जातो, आणि ती पोरं पिशवीत भरून नेतात. का नेतात हे मला अजूनही नीटसं समजलेलं नाही. मुलीनं समजावलं होतं, आठवण, मैदानाचे ऋण वगैरे. पटलं नाही असं नाही. पण मला तिथं बसून वाटत होतं की यांतली निम्मी पोरं इतरांनी भरली म्हणून भरतायत, आणि ती पिशवी पुढं कुठल्यातरी कपाटात आईलाच सांभाळावी लागणार.

मॅचनंतर उठताना त्या बाईंनी वही मिटली, पेन्सिलींना टोपणं घातली आणि पिशवीतून आणखी एक खारट गोळी काढून माझ्यापुढं धरली. दोन्ही हातांनी. त्यांनी माझी आरोळी ऐकली होती, हसणंही ऐकलं होतं. मराठी येत नसली तरी त्या हसण्याला भाषा लागत नाही. त्यांच्या गळ्यातल्या टॉवेलाचा रंग गावच्या संघाच्या आल्प्समधल्या रंगाचाच होता की काय, हे मला आता व्हिडिओ बघून बघून ठरवता येत नाहीये. व्हिडिओत त्यांचा फक्त कोपर आला आहे. गोळी मी घेतली, तोंडात टाकली, आणि स्टेशन येईपर्यंत ती पुरली.

तर त्या रविवारनंतर दोन-तीन दिवस गेले आणि मी गावी तात्यांना फोन लावला. आता ऐंशीला टेकलेत, गुडघे गेलेत, आवाज तेवढा खणखणीत आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, "तात्या, तुमची ती खासबागेतली कुस्ती. मी आलो होतो बघा."

"कंची? हरल्याली व्हय?"

"ढाक बसली होती ती."

"हां, ती. आदल्या दिशी वळीव झाल्ता, लेका. माती वल्ली हुती. पाय सटाकला, न्हाईतर काय त्येची टाप हुती?"

पन्नासाच्या जवळपास वर्षं झाली आणि वळवाचा पाऊस अजून ताजा. मी म्हटलं, माझ्याशेजारी एक माणूस बसला होता, तुम्ही पडल्यावर तो फार हसला होता. शेंगदाण्यांचं काही बोललो नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तात्या म्हणाले, "त्येनं तिकीट काढल्यालं न्हवं? मग वरडंलच की. मला काय ऐकाय येतंय तितं? कानात समदी माती." आणि स्वतःच खो खो हसले.

मग मी त्यांना जपानचं सगळं सांगितलं. भोंगा, बर्फाच्या पिशव्या, तो उंच फटका, पोरांनी भरलेली माती. माझ्या आरोळीचंही सांगितलं. त्याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. त्यांचा जीव अडकला होता भलतीकडेच.

"माती कसली म्हनलास?"

"काळी. वाळू मिसळलेली."

"ताक घालत्यात?"

"नाही. पाणी मारतात, पाइपनं."

"नुसतं पानी?" त्यांना ते काही रुचलं नाही. "मग धरत नसंल ती. आन तरीबी पोरं घरला न्हेत्यात?"

"नेतात."

"त्या पोरानं न्हेली का? झेल सोडल्याल्यानं?"

म्हटलं, नाही बहुतेक. तो नुसता दुसऱ्यांच्या पिशव्या धरून बसला होता.

तात्या जरा थांबले. "बूट झाडलं नसतील त्येनं," म्हणाले. "घरी जास्तवर कोन झाडतंय." आणि चुलतीनं आतून काहीतरी हाक मारली म्हणून "ठिवतो रं" म्हणाले. त्यांना फोन नीट बंद करता येत नाही. तो तसाच चालू राहिला, कुठंतरी खाटेवर पडलेला असणार. बराच वेळ मला गोठ्यातली म्हैस ऐकू येत होती, आणि तात्यांच्या काठीचा आवाज, आत जाणारा.